मिरगातल्या शाळेचा पहिला तास

दहावीच्या भूगोलाचा पहिला धडा क्षेत्रभेटीचा आहे. २०१८ साली आलेल्या या पुस्तकातली मुलं नळदुर्गहून बसने निघतात आणि अलिबागच्या समुद्रापर्यंत जातात. पुस्तक पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मराठवाड्यातल्या गावाचं नाव एरवी पुस्तकात येतं ते दुष्काळ नाहीतर भूकंप सांगायला. इथे आमच्याकडची मुलं वही-पेन घेऊन, प्रश्न विचारत, जग बघायला निघाली होती.

पण त्या जूनमध्ये मी तो धडा कसा शिकवला? वाचून. एकेका मुलाने एकेक परिच्छेद वाचला, मी स्वाध्याय लिहून घेतला, दोन तासांत धडा संपला. वर्गाच्या खिडकीबाहेर पेरणीची घाई चालली होती. तिफण जुंपलेली दिसत होती, ढगाचा अंदाज घेत माणसं बांधावर उभी होती. क्षेत्रभेट शिकवताना आमच्यातलं कुणीही क्षेत्रात गेलं नव्हतं. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरावरच्या एका गावात मी बरीच वर्षं भूगोल शिकवतोय, आणि त्या दिवसानंतर माझं एक मत पक्कं होत गेलं. मराठवाड्यातल्या प्रत्येक हायस्कुलात भूगोलाचे पहिले चार आठवडे गावच्या शिवारासाठी राखून ठेवायला हवेत. कुणा हौशी शिक्षकाच्या मर्जीवर ते सोडू नये. ते वेळापत्रकात असावेत, त्यांना गुण असावेत, आणि त्याची नोंदवही शाळेच्या दप्तरात जपली जावी.

आपल्याकडची शाळा जूनच्या मध्याला उघडते. मिरग निघून आठवडा झालेला असतो. वर्षातला सगळ्यात मोठा भौगोलिक प्रसंग त्याच दिवसांत घडत असतो. वारा नैर्ऋत्येकडून येतो, सह्याद्रीवर पाणी टाकून हलका होतो आणि आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याच्यात किती पाणी उरलंय यावर गावाचं वर्ष ठरतं. आष्टी-पाटोद्याकडे कमी उरतं. पूर्वेला किनवट-माहूरकडे पाऊस वाढतो, कारण तिकडे बंगालच्या उपसागराकडून येणाऱ्या ढगांचाही हात लागतो. हे सगळं डोक्यावर चाललेलं असताना आम्ही नववीच्या वर्गात काय करतो? पहिला धडा वितरणाच्या नकाशांचा, म्हणून तो घेतो. ‘वृष्टी’ हा धडा पाचवा आहे. क्रमाने शिकवत गेलं की तो येतो तेव्हा पाऊस परतीला लागलेला असतो, आणि मुलं आरोह पाऊस, प्रतिरोध पाऊस, आवर्त पाऊस अशी नावं कोरड्या आकाशाखाली पाठ करतात. धडा मागे-पुढे करायला कुणाची हरकत नसते. तरी आपण करत नाही, कारण घटक नियोजनाचा तक्ता मे महिन्यातच भरून ठेवलेला असतो.

गेली काही वर्षं मी शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुलांकडून पर्जन्यमापक करून घेतो. सरळ बाजूंची पाण्याची बाटली, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, तळाला खडे आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी, बाजूला चिकटवलेली पट्टी. खर्च जवळपास काहीच नाही. बाटल्या वाटून द्यायच्या: एक शाळेच्या गच्चीवर, एक नदीपलीकडच्या वस्तीवर, एक तांड्यावर, एक माळावरच्या शेतात. रोज सकाळी साडेआठला पट्टी वाचायची, कारण हवामान खातंही त्याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. पहिल्याच पंधरवड्यात मुलांच्या लक्षात येतं की पाऊस ‘गावात’ पडत नाही. शाळेवरच्या बाटलीतलं पाणी शून्याच्या खुणेवर कसंबसं सरकतं त्या दिवशी माळावरची बाटली निम्मी भरलेली असते.

याचा अर्थ गावातल्या मोठ्या माणसांना मुलांपेक्षा लवकर कळला. भरपाईसाठी अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळातल्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस नोंदला गेला तर. मंडळात कितीतरी गावं असतात आणि केंद्र असतं एका ठिकाणी. एका सकाळी एका विद्यार्थ्याचे वडील थेट वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. “सर, आमच्या शिवारात ढग फुटला, सोयाबीन सगळं आडवं झालं, न् मंडळात चाळीसच दाखवायलेत. पोराच्या बाटलीत किती भरलं होतं, ते लिहून देता का?” बाटलीच्या नोंदीला सरकारदरबारी किंमत नाही, हे मला त्यांना सांगावं लागलं. ते काही बोलले नाहीत, पण नोंदवही मागून घेऊन बराच वेळ पाहत राहिले. माझी मागणी तिथपासून थोडी पुढे गेली. प्रत्येक हायस्कुलाला तपासलेलं, प्रमाणित पर्जन्यमापक द्यावं आणि मुलांनी घेतलेली नोंद निदान पडताळणीसाठी तरी ग्राह्य धरावी. शाळा गावोगाव आहेत. सकाळी साडेआठला वेळेवर हजर राहणारी मुलंही आहेत.

त्या आकड्यांचं पुढे काय करायचं, हा खरा अभ्यास. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एवढं एक सूत्र मुलांना दिलं की ती सुटतात. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर एक लाख लिटरच्या वर पाणी होतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दहा टँकर. आमच्या शाळेचं मैदान साधारण एकरभराचं. उन्हाळ्यात ज्या टँकरमागे हंडे घेऊन पळापळ होते, तसे दहा टँकर एका चांगल्या पावसात मैदानावरून वाहून ओढ्याला जातात, हे मुलांनी स्वतः गुणाकार करून काढलं तेव्हा वर्गात कुणी बोलेना. बातम्यांत रोज ‘टीएमसी’ ऐकू येतं. जायकवाडीत इतके टीएमसी, वरून सोडले इतके टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे दहावी झालेल्या कितीजणांना सांगता येईल? नगर-नाशिककडच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडीत पाणी सोडण्यावरून टंचाईच्या वर्षी भांडण होतं. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने एकाच खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांत टंचाई वाटून घ्यायचं तत्त्व आणलं. ज्याला खोरं म्हणजे काय ते नकाशावर बोट ठेवून दाखवता येत नाही, त्याला या भांडणात आपली बाजू कोणती आणि ती न्यायाची का, हे कळणार कसं? तो फक्त घोषणा देऊ शकतो.

खोऱ्यांच्या बाबतीत मराठवाडा म्हणजे उघडं पुस्तक आहे. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर तापीला मिळते, म्हणजे तिचं पाणी अरबी समुद्रात जातं. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावरचं पाणी गोदावरीकडे, बंगालच्या उपसागरात. मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते, बीड-धाराशिव-लातूर करत, कर्नाटकातल्या बीदरमधून तेलंगणात शिरते आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा उत्तरेकडे येत गोदावरीत मिसळते. पश्चिमेकडून जाणारी सीना मात्र भीमेला, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात. आमच्या मागच्या टेकाडावर उभं राहिलं की एकीकडचं पाणी गोदावरीचं आणि दुसरीकडचं कृष्णेचं. पहिल्या आठवड्यात मी मुलांना तिथे नेतो. बाटलीतलं पाणी धारेवर ओततो आणि ते कुठे-कुठे जाईल ते तोंडी सांगायला लावतो. गोदावरीकाठच्या राजमंद्रीपर्यंत जाता जाता मुलं थकतात, पण सांगतात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे आता घरबसल्या मिळतात. आपल्या गावाचा तो नकाशा एकाही वर्गात टांगलेला मी पाहिलेला नाही. भिंतीवर असतं ते जग, आणि तेही बहुतेक वेळा गुंडाळून कपाटात.

आता विहिरीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा मामला तिथेच आहे.

आमचा बहुतेक प्रदेश बेसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचून झालेला. फक्त पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो. विहीर खणणाऱ्याला हे थर भूगोलाच्या शिक्षकापेक्षा चांगले माहीत असतात. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मुरमात आणि सच्छिद्र मांजऱ्यात पाणी धरतं, घट्ट काळ्या पाषाणात भेग लागली तरच. वाळूच्या प्रदेशात जमिनीखाली पाण्याची चादर पसरलेली असावी तसं इथे नसतं. म्हणून शेजारच्याच्या बोअरला पाणी आणि आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा, असं घडतं. माणसं नशिबाला दोष देतात आणि पाणाड्याला बोलावतात. तो हातावर नारळ ठेवून शिवारभर फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे पाचशे-सहाशे फुटांचं छिद्र. ते कोरडं गेलं की दुसरं. कर्ज मात्र खरं असतं. पाणाड्यावर रागावून काय होणार? ज्या घरात दहावीपर्यंत भूगोल शिकलेली दोन मुलं आहेत, त्या घरात त्याला बोलावण्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही, याची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो.

नववीच्या त्या पहिल्या धड्यात टिंब पद्धत आहे, क्षेत्रघनी पद्धत आहे, समघनी पद्धत आहे. पुस्तकातली उदाहरणं लांबची असतात. आम्ही टिंब पद्धत गावच्या बोअरवर केली. गावनकाशाची मोठी प्रत काढली, मुलं गटागटाने शिवारात फिरली, शेतकऱ्यांना विचारून प्रत्येक बोअरचं एक टिंब दिलं. पाणी लागलेल्यांना निळं, कोरड्यांना लाल, बाजूला खोली फुटांत. नकाशा पूर्ण झाल्यावर निळी टिंबं ओढ्याच्या कडेने आणि दोन लवणांत गोळा झालेली दिसली, आणि माळावर लालच लाल. यात नवा शोध काही नव्हता. भूजल खात्याच्या माणसाने हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. पण तो नकाशा मुलांनी घरी नेला, आणि त्या वर्षी निदान दोन घरांत माळावर तिसरं बोअर घ्यायचा विचार थांबला. एवढं माझ्या शिकवण्याने आजवर दुसऱ्या कशात घडलेलं नाही.

विहिरीची पातळीही आम्ही मोजतो. दोरीला दगड, दोरीवर हातभर अंतराने गाठी. जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल. बाटलीतला पाऊस आणि दोरीवरची गाठ एकाच कागदावर आली की मुलं आपोआप विचारतात: पाऊस तर बरा झाला, मग जानेवारीतच गाठी का मोकळ्या झाल्या? तिथून बोलणं उसावर जातं, पिकांच्या पाण्यावर जातं, ताळेबंदावर जातं. जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९०च्या दशकात पाणलोटाची कामं झाली आणि एक कोरडवाहू गाव द्राक्षांचं गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पाण्याचा हिशोब मांडणारं गाव कसं दिसतं ते पाहायला आम्हाला परदेशी जायची गरज नाही. आणि हिशोब न मांडल्यावर काय होतं तेही आम्ही पाहिलंय: एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण आटलेलं, आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी.

ब्राझीलबद्दल माझं भांडण नाही, हे इथे स्पष्ट करतो. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, आणि अनेक पालक व काही सहकारी शिक्षकसुद्धा त्यावर वैतागतात की आमच्या पोरांना ब्राझील घेऊन काय करायचंय. मला ती तुलना आवडते. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यालगत उंच कडा आहे, तिच्या पलीकडे ईशान्येचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो आणि कोरडा राहतो. हे वाचून आमच्या मुलाने उडी मारायला पाहिजे की अरे, ही तर आपली आष्टी! पण तुलनेला दोन बाजू लागतात. स्वतःची बाजू मोजलेली नसेल तर ब्राझीलही पाठांतर आणि भारतही पाठांतर.

मुख्याध्यापकांच्या खोलीत या सगळ्याला जे उत्तर मिळतं ते मला पाठ आहे. बोर्डाची परीक्षा, लेखी ४० गुण, गणित-विज्ञानाला जादा तास हवेत. सामाजिक शास्त्रांचं पद ज्या शिक्षकाकडे आहे तो इतिहासाचा आहे, त्याला भूगोल ‘ओढून न्यायचा’ आहे. यातली शिक्षकांची अडचण खरी आहे, आणि शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या संचमान्यतेत भूगोलाचा स्वतंत्र विचार होईपर्यंत ती राहणार. पण ४० गुणांचं म्हणणं मला मान्य नाही. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि दहावीचा एकच पेपर राहिला होता, भूगोलाचा. तो रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवर गुण दिले गेले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, हे मी मान्य करतो. मला लागलं ते वेगळंच. नंतर एकाही पालकाने मला विचारलं नाही की मुलाचा भूगोल राहून गेला, आता काय करायचं. दुष्काळ, पूर, भूकंप, स्थलांतर हे सगळं वाट्याला आलेल्या प्रदेशात ज्या विषयाची परीक्षा झाली नाही म्हणून कुणाचं काही अडलं नाही, तो विषय आपण कसा शिकवत होतो, याचा विचार मी तेव्हापासून सोडलेला नाही.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जी माणसं गेली, ती दहा हजारांच्या जवळपास होती. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथे भूकंपाचं भय नाही, असं तेव्हा मानलं जाई. पण माणसं मेली ती माळवदाच्या घरांखाली. मातीत बांधलेल्या दगडी जाड भिंती, वर मातीचा जड धाबा. उन्हाळ्यात थंड राहणारी ही घरं इथल्या हवामानाला शोभणारीच होती, आणि त्या रात्री तीच जीवघेणी ठरली. नववीचा दुसरा धडा अंतर्गत हालचालींचा आहे. जूनमध्ये मुलांनी आपापल्या घराची भिंत पाहून यावी: कशाची, किती जाड, भिंतीचे दोन्ही पदर बांधून ठेवणारे जोडदगड आहेत का, छपराचं वजन कशावर. तासाभराचं काम आहे. सप्टेंबर २०२५च्या पुराने परंडा-भूमपासून बीडपर्यंत शेतांची माती खरडून नेली. तिथल्या शाळांत ‘बाह्यप्रक्रिया’ हा धडा शिकवायला चित्र लागू नये, नदीकाठ पुरे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, ढग नसतील तर, आणखी एक गोष्ट फुकट मिळते. मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये येतो तेव्हा शाळेला सुट्टी असते, जुलैत शाळा भरलेली असते. दुपारी बाराला सावली जात नाही, साडेबाराच्या आसपास जाते. का? कारण घड्याळ मिर्झापूरच्या रेखावृत्ताचं आणि आपण त्याच्या पश्चिमेला. राहिलेली काही मिनिटं पृथ्वीच्या फिरण्यातल्या फरकाची. मैदानात काठी रोवून एवढं पाहिलेला मुलगा रेखावृत्त विसरत नाही.

चार आठवड्यांचा आग्रह धरण्यामागे आमच्या भागाचं आणखी एक कारण आहे, आणि ते बाहेरच्यांना चटकन कळत नाही. जूनमध्ये माझा वर्ग पूर्ण भरलेला असतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, निघतात. आईबापांबरोबर काही मुलं कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्यातच परततात. हंगामी वसतिगृहं आहेत, आजी-आजोबांकडे काही मुलं राहतात, तरी मागच्या बाकांवर जागा रिकाम्या होतातच. सगळी मुलं एकत्र, वर्गात, हाती लागतात ती एवढ्या चार महिन्यांतच. आणि याच मुलांना जिल्हे, नद्या, रस्ते, कुठल्या भागात कुठल्या महिन्यात किती थंडी, हे इतरांपेक्षा जास्त माहीत असतं. ‘स्थलांतर’ हा शब्द शिकवताना मी त्यांना फळ्यापाशी बोलावतो आणि त्यांचा रस्ता त्यांनाच काढायला लावतो. सुरुवातीला मुलं लाजतात. ऊसतोडीला जातो हे सगळ्यांसमोर सांगायला त्यांना नको वाटतं. एकाने काढला की दुसरा म्हणतो, आमची टोळी त्याच्याही पुढे जाते, थेट कर्नाटकात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम आराखडा २०२४ साली आला आणि पहिलीपासून पुस्तकं बदलायला सुरुवात झाली आहे. नववी-दहावीची पाळी येईल तेव्हा भूगोलाच्या पुस्तकात ‘आपलं शिवार’ म्हणून कोरी पानं ठेवावीत आणि ती जून-जुलैत भरून घेतल्याशिवाय पुढचा धडा सुरू करू नये, अशी मागणी आत्ताच करायला हवी. शहरातल्या शाळांनी घाबरू नये. संभाजीनगरच्या शाळेलाही खाम नदी आहे, टाकी कुठून भरते हा प्रश्न आहे, आणि पैठणपासून शहरापर्यंत येणारी जलवाहिनी आहे.

दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीकडे तांड्याजवळच्या विहिरीची दोरी होती. जून, ऑगस्ट, ऑक्टोबरच्या नोंदी तिने घेतल्या, आणि मग टोळीबरोबर गेली. दोरी तिने मैत्रिणीकडे सोपवली होती. जानेवारीत एका संध्याकाळी वडिलांच्या फोनवरून तिचा फोन आला. आधी तिने विचारलं, आपल्या विहिरीचं किती भरलं. मी आकडा सांगितला. मग म्हणाली, “सर, इथं फडाजवळ विहीर हाय. म्या कासऱ्याला गाठी मारून मोजलं. पहिल्या गाठीलाच पाणी लागायलंय. जानेवारीत. असं कसं ओ सर?”

दुसऱ्या दिवशी नववीचा ठरलेला धडा बाजूला ठेवला. फळ्यावर डावीकडे सह्याद्री काढला, त्याच्या कुशीत धरण, धरणातून निघालेला कालवा, कालव्याकाठी ऊस, उसात ती विहीर. उजवीकडे आमचा बालाघाट. मधली जागा रिकामी ठेवली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत तिथे लिहिला. तास संपला तरी मुलं उठली नाहीत.